हट्टातला दुसरा ट

मी क्वार्टरबॅक होते, हे मराठीत सांगायला गेलं की पहिली दोन मिनिटं खुलासे करण्यातच जातात. फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि चेंडू हाताने फेकायचा, तो अमेरिकन फुटबॉल. आणि तो अमेरिकेत नव्हे, इंग्लंडमध्ये. आणि हो, बायकांना खेळता येतो. निदान इथल्या विद्यापीठांच्या सामन्यांत नियम आडवा येत नाही, माणसं येतात. एवढं सगळं ऐकून झालं की समोरचा विचारतो, पण का? पुरुषाला हे कुणी विचारत नाही, म्हणून मीही आजवर उत्तर दिलेलं नाही.

चोविसाव्या वर्षी मी नागपूरहून धातुशास्त्रात पीएचडी करायला मिडलंड्समधल्या एका विद्यापीठात आले. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे त्यांच्याशी माझं वाजलं आणि मला अजून दर बुधवारी तिथेच जायचं असतं. पहिल्याच आठवड्यात तिथे क्लबांची जत्रा भरली होती. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे कुठल्या ना कुठल्या क्लबची मुलं. फुटबॉलच्या टेबलावरचा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक आडदांड पोराच्या हातात कागद कोंबत होता. मी हात पुढे केला तेव्हा तो आधी सॉरी म्हणाला आणि मग त्याने अतिशय नम्रपणे दोन टेबलं पलीकडे बोट दाखवलं. तिथे चिअरलीडिंगचा क्लब होता.

टेबलावर चेंडू ठेवलेला होता, न सोललेल्या नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. नागपुरात मी कॉलेजच्या संघातून क्रिकेट खेळले होते. फलंदाजी यथातथाच, पण सीमारेषेवरून थेट विकेटकीपरच्या हातात चेंडू फेकणं ही माझी ख्याती. मी तो नारळ उचलला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला बुद्धिबळवाल्यांचा फलक होता, तो पाडला. खरं सांगते, मला वाटलं होतं जवळपास कुठेतरी पडेल. माफी मागायला मी स्वतः गेले. परत आले तेव्हा माझ्यासाठी कागद काढून ठेवलेला होता.

आमचे मुख्य कोच यॉर्कशरचे, साठीला टेकलेले, सकाळी पोस्टमन आणि दुपारी आमचे मालक. त्यांनी मला वर्षभर बाकावर बसवलं आणि दर बुधवारी एकच गोष्ट ऐकवली. क्वार्टरबॅकला हात लागतो, नजर लागते आणि आवाज लागतो. तुझ्याकडे पहिल्या दोन आहेत. माझा आवाज बारीक आहे हे मला शाळेपासून माहीत होतं, ते सांगायला यॉर्कशरची गरज नव्हती.

आवाज का लागतो ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अकरा आपले आणि अकरा त्यांचे समोरासमोर उभे राहतात. मधे जमिनीवर चेंडू. आपला सेंटर त्या चेंडूवर ओणवा होतो आणि त्याच्या मागे क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक ओरडतो, त्यातल्या ठरलेल्या ओरडण्याला सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो आणि मग सगळे एकमेकांवर धावून जातात. चेंडू हलण्याआधी मात्र कुणी हलायचं नाही. कितव्या ओरडण्याला चेंडू सुटणार हे आपल्या लोकांना माहीत असतं, त्यांच्या लोकांना नसतं. त्यांचा एखादा उतावीळ आधीच उडी मारून पुढे आला की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि आपल्याला पाच यार्ड फुकट मिळतात. आणि हे जे ओरडायचं, तो शब्द अमेरिकेतच ठरलेला आहे. हट. त्याला त्यांच्याकडे अर्थ नाही, कवायतीतून आला म्हणतात.

आमच्याकडे आहे की अर्थ. नागपुरात कुत्र्याला हाड म्हणतात आणि गाईला हट. रस्त्यात आडवं आलेल्याला हट. मैत्रिणीने थापा मारल्या की चल, हट. हा शब्द मला कुणी शिकवावा अशी वेळ यायला इंग्लंडपर्यंत यावं लागलं. आईला मी फोनवर कौतुकाने सांगितलं की मी दहा धिप्पाड गोऱ्यांवर हट म्हणून ओरडते आणि ते ऐकतात. आई म्हणाली, एवढंच करायचं होतं तर इथं काय वाईट होतं, फाटकासमोर रोज गाय बसते.

दुसऱ्या वर्षी आमच्या क्वार्टरबॅकचं मनगट मोडलं आणि कोचला नाइलाजाने मला उभं करावं लागलं. सेंटर वेल्सचा होता, मेंढपाळाच्या घरचा, दाराएवढा रुंद. सराव सुरू होऊन महिना झाला असेल, एका बुधवारी तो पाणी पिता पिता म्हणाला की तुझ्याकडे दोन हट आहेत. मला कळेना. तो म्हणाला, एक साधा आहे आणि एकात पायरी आहे. मी ओणवा असतो, डोकं पायांत, मला तुझ्या आवाजाशिवाय काही नसतं. तू जेव्हा खरंच चेंडू मागतेस तेव्हा पायरीवाला म्हणतेस.

मी तिथेच चिखलात उभं राहून दोन्ही म्हणून बघितले. हट. हट्ट. पोरगा बरोबर होता. समोरच्यांना चकवायला नुसतं ओरडत होते तेव्हा तोंडातून हट निघत होता, आणि आता काहीही होवो चेंडू हवाच असं असलं की हट्ट. मला स्वतःला ते माहीत नव्हतं. त्याच्या घरी वेल्श बोलायचे, म्हणून त्याचे कान उघडे राहिले असावेत. बाकीच्या नऊ जणांना मी दोन्ही आळीपाळीने ऐकवले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना एकच शब्द दोनदा ऐकवते आहे. इंग्रजी कानाला जोडाक्षर ऐकूच येत नाही, हा शोध मला भाषाशास्त्राच्या पुस्तकात नाही, मैदानात लागला.

मग अख्खा हिवाळा आम्ही दुसरा ट शिकण्यात घालवला. सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, मी मागून ओरडायचे आणि हट्ट ऐकल्यावरच हलायचं. चुकला की मैदानाला फेरी. जीभ टाळूला लावा, मी सांगायचे, आता तिथेच थांबा, बसच्या रांगेत कुणी मधे घुसल्यावर थांबता तसे, आणि मग सोडा. वसंत आला तोवर दहाही जणांना कान फुटले होते, आणि लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याच संघाला नव्हते. आम्हाला आता आकडा ठरवावा लागत नव्हता. मी पाच वेळा हट म्हणायचे, समोरचे ताटकळायचे, कुणीतरी उडी मारायचा आणि पिवळा रुमाल पडायचा. माझा आवाज बारीक तो बारीकच राहिला, पण त्यावरून कुणी परत बोललं नाही.

तीन मोसम खेळले. चौथ्यात उजवा खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला, आणि बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात सर्जनने फोटो दाखवून सांगितलं की आता फेकणं बंद. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये बसून रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हट्ट सोड आता. तिला खेळ सोड म्हणायचं होतं. मी म्हटलं, तेवढाच तर उरला आहे. पुढच्या बुधवारी मैदानावर गेले तेव्हा म्हाताऱ्या कोचने स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

तेव्हापासून मी कोच आहे. आधी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली आणि ते थांबल्यावर मुख्य. दिवसा इंजिनियरिंग कंपनीत नोकरी, बुधवारी दुपारी सराव, रविवारी सामना. मी पाच फूट दोन इंच आहे, त्यामुळे मैदानाकडेला दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर उभी राहते. माझा सहायक उंच आहे आणि गोरा आहे, त्यामुळे समोरच्या संघाचे कोच सामन्याआधी सरळ चालत येऊन त्याच्याशी हात मिळवतात. पहिली दोन वर्षं तो गडबडून जायचा. आता तो त्यांना येताना पाहिलं की दोन्ही हात खिशात घालतो आणि क्रेटकडे मान वळवतो. आमचे क्वार्टरबॅक दर दोन-तीन वर्षांनी पदवी घेऊन निघून जातात आणि मी नव्याला पुन्हा पहिल्यापासून दुसरा ट शिकवते. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या संघाला आमचं गुपित कळलं नाही, कारण त्यांना ते आठवडाभर कानात ओतलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

असं मी समजून होते. मग गेल्या नोव्हेंबरात आम्ही शेजारच्याच एका विद्यापीठाशी खेळत होतो. त्यांचे लोक नेहमीप्रमाणे उड्या मारत होते, पंच रुमाल टाकत होता, माझं मजेत चाललं होतं. दुसऱ्या भागात त्यांच्या बाजूच्या रेषेवर एक माणूस एकदम पुढे आला. तिशीचा, दाढी, चष्मा, त्यांचा नवा सहायक कोच असावा. तो आपल्या खेळाडूंना ओरडून सांगत होता की पहिल्याला जाऊ नका, लांबवाल्याला जा, लांबवाल्याला. त्यांना काही कळत नव्हतं. ते एकमेकांकडे बघत होते. म्हणून त्याने म्हणून दाखवलं. हट्ट. दोन्ही ट व्यवस्थित.

मी क्रेटवरून खाली उतरले. पंधरा वर्षांत माझ्या संघाबाहेरच्या कुणी ते ऐकलं नव्हतं. आपलं गुपित फुटलं हे आधी कळलं आणि लगेच त्याच्या पाठोपाठ आनंद झाला, परगावच्या बाजारात आपल्या गल्लीतलं कुणी दिसावं तसा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सामना आम्ही जिंकलो. शेवटी हात मिळवायच्या रांगेत तो दिसला नाही.

डिसेंबरात आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची मेल आली. समोरच्या संघाने तक्रार केली होती. आमचा संघ मैदानात परक्या भाषेत पुकारा करतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची दिशाभूल होते आणि त्यांच्या सुरक्षेला धोका पोचतो. शिवाय तो शब्द अपमानकारक असून लहान मुलांना दटावण्यासाठी वापरतात, असं त्या भाषेच्या जाणकाराने सांगितलं आहे. जानेवारीत सुनावणी. पुकारा फक्त इंग्रजीत होईल असं लेखी द्यावं, न दिल्यास पुढच्या मोसमासाठी माझी नेमणूक करता येईल का याचा विचार करावा लागेल. सगळं इतक्या गोड भाषेत होतं की धमकी शोधायला मला मेल दोनदा वाचावी लागली.

नेमणूक गेली असती तर माझ्यापाशी काय उरलं असतं, याचा मी तो ख्रिसमसभर विचार केला. खांदा गेला होता. फेकणं गेलं होतं. बुधवार आणि रविवार सोडले तर माझा आठवडा म्हणजे कंपनीतले धातूंचे नमुने आणि ट्रेनची वाट बघणं. सहायक म्हणाला, देऊन टाक लिहून, तसाही तो शब्द इंग्रजीच आहे. त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं आणि मला त्याचा राग आला. मला घाबरवलं आणि मी सही केली, एवढी गोष्ट मला स्वतःबद्दल कुणाला सांगायची नव्हती.

सुनावणी दुपारी दोनला, बिस्किटं ठेवलेल्या एका खोलीत. विभागप्रमुख बाई, सुरक्षा अधिकारी आणि स्टुडंट्स युनियनची एक प्रतिनिधी. टेबलाच्या टोकाला भाषेचा जाणकार, म्हणजे तोच, दाढी आणि चष्मा. त्याने माझ्याकडे न बघता हॅलो म्हटलं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तोडगा आणला होता. हल्ली बरेच क्वार्टरबॅक शब्दाऐवजी टाळी वाजवतात, तर आम्हीही टाळी वाजवावी. टाळी सर्वसमावेशक आहे, म्हणाल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मान डोलावली. टाळी कुणाचीच नसते, म्हणूनच ती त्यांना आवडत होती. मी म्हटलं, आमच्याकडे टाळी आरतीला वाजवतात, मैदानात नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग मी म्हटलं की मी आत्ता सही करते. फक्त माझ्या मुलांनी कुठला शब्द म्हणायचा आणि कुठला नाही, हे मला तुमच्या तोंडून कळू दे. मी पाच वेळा ओरडणार. त्यातला कुठला तुमचा इंग्रजी आणि कुठला माझा मराठी, ते प्रत्येकाने कागदावर लिहा. इंग्रजी असेल तिथे ई, मराठी असेल तिथे एम. बाईंना हे गमतीचं वाटलं असावं, त्यांनी सगळ्यांना कागद दिले. त्यालाही दिला.

मी उठून उभी राहिले आणि त्या बिस्किटांच्या खोलीत पंचेचाळीस यार्डांवर ऐकू जाईल असं पाच वेळा ओरडले. हट, हट्ट, हट्ट, हट, हट्ट. बाहेरून कुणीतरी दार उघडून आत डोकावून गेलं.

बाईंचे दोन बरोबर आले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पाचही ठिकाणी एम लिहिलं होतं, खबरदारी म्हणून. युनियनच्या मुलीने खोडाखोड करून शेवटी प्रश्नचिन्हं काढली होती. त्याने मात्र कागद पालथा घालून ठेवला होता. बाईंनी हात लांब करून तो उलटा केला. माझं सगळं पणाला लागलं होतं, तो चुकला असता तर मी तिथेच सुटले असते, आणि तरी त्या क्षणी तो बरोबर यावा असं मला मनापासून वाटत होतं. पाचही बरोबर होते.

"म्हणजे फरक आहे तर," बाई म्हणाल्या.

"आहे ना," मी म्हटलं. "पण तो या खोलीत फक्त आम्हा दोघांना ऐकू येतो. मी सही केली तर ती पाळली जाते का हे बघायला तुम्हाला यांना दर रविवारी माझ्या क्रेटशेजारी उभं करावं लागेल."

युनियनची मुलगी हसली आणि मग तिने खोकल्याचं नाटक केलं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी अपमानाचा मुद्दा काढला. मोठ्या विद्यार्थ्यांना उद्देशून लहान मुलांना दटावण्याचा शब्द वापरणं योग्य आहे का. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. मी म्हटलं, तो शब्द माझ्या खेळाडूंना उद्देशून नाही. समोरच्यांनाही नाही. हट्ट माझा आहे. पंधरा वर्षं मी तो फक्त जाहीर करते आहे. यावर टिपण घ्यायचं की नाही हे त्यांना कळेना. बाई म्हणाल्या, आम्ही कळवू.

तो बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळापाशी थांबला होता. मी न थांबता निघून जाणार होते.

"आंटी," तो म्हणाला, "सॉरी हं."

मी थांबले. म्हटलं, आंटी म्हणालास तर बोलणं इथेच संपलं. तो गोंधळला, मग ताई म्हणाला. वडील सांगलीहून आलेले डॉक्टर, हा लेस्टरमध्ये जन्मलेला आणि वाढलेला. तक्रार त्याच्या मुख्य कोचने केली होती, पण शब्दाचा अर्थ याने सांगितला होता. घरातलं मराठी आईबरोबरचं, आणि आईला जाऊन आता सहा वर्षं झालेली.

"माझा आई बोलायची, हट्ट नको, हट्ट नको," तो म्हणाला. "फील्डवर तुमचा क्वार्टरबॅक ओरडला ना, मी फ्रीज झालो. लिटरली. लहान असताना व्हायचो तसा. मला वाटलं ही हट्ट म्हणजे बॅड वर्ड आहे."

त्याला हा शब्द एवढाच माहीत होता, नको लावलेला. त्याचा मी काय राग धरणार. मी म्हटलं, पहिली गोष्ट, माझी आई. दुसरी गोष्ट, तो हट्ट. आणि तिसरी गोष्ट अशी की हट्ट नुसता करत नाहीत, पुरवतातही. मुलाने काही मागितलं आणि आईने नको नको म्हणत शेवटी दिलं, की तिने हट्ट पुरवला. तुझ्या आईने पुरवला असेल की कधी.

तो वाकून नळाचं पाणी प्यायला. मग म्हणाला, हेल्मेट. सोळाव्या वर्षी त्याने फुटबॉलचं हेल्मेट मागितलं होतं, वडील नाही म्हणाले होते आणि आईने गुपचूप आणून दिलं होतं. त्याला शब्द हवा होता तो हा, पुरवला. त्याने तो दोनदा म्हणून बघितला. मला ट्रेन होती, मी निघाले.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. तक्रार सिद्ध होत नाही. कोणत्याही संघाने कोणत्या भाषेत किंवा कोणत्या उच्चारात पुकारा करावा याबाबत विभाग काही निर्देश देऊ इच्छित नाही, माझी नेमणूक कायम, प्रत दोन्ही संघांना. मी ते पत्र लॅमिनेट करून किटच्या शेडमध्ये टांगलं. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे तू सोडला नाहीसच. मी म्हटलं नाही. मग तिने विचारलं की तिकडे थंडी किती आहे, आणि त्यावरून मला कळलं की ती खूश आहे.

या ऑक्टोबरात पुन्हा त्याच संघाशी सामना आला. तो आता त्यांचा मुख्य कोच झाला होता. सामन्याआधी हात मिळवायला सरळ क्रेटपाशी आला, माझ्या सहायकाकडे त्याने पाहिलंही नाही. सुरुवातीला चेंडू त्यांच्याकडे होता, आमची मुलं बचावाला. त्यांचा क्वार्टरबॅक मागे उभा राहिला आणि ओरडला.

हट. हट. हट्ट.

आमचे चौघे एकदम उसळून पुढे गेले. चेंडू जमिनीवर जिथल्या तिथे होता. पंचाने पिवळा रुमाल टाकला आणि मला पहिल्यांदा वाटलं की पंचच चुकला. मग डोक्यात उजेड पडला. त्याने उलटं लावलं होतं. पायरीवाला फक्त फसवायला आणि चेंडू त्याच्यानंतरच्या साध्यावर सोडायचा. मी वर्षानुवर्षं माझ्या पोरांच्या कानात जे ओतलं होतं, हट्ट ऐकला की निघा, ते त्याने त्यांच्यावरच फिरवलं होतं. अख्ख्या लीगमध्ये या युक्तीला फसू शकेल असा एकच संघ होता आणि तो मी घडवला होता. तक्रार करायची तर शेडमध्ये माझंच पत्र टांगलेलं, कोणत्याही संघाने, कोणत्याही उच्चारात.

अर्ध्या वेळापर्यंत आमच्यावर चार रुमाल पडले. माझी मुलं रडकुंडीला आलेली, सहायक विचारत होता, काय करायचं. मी क्रेटवर उभी होते आणि इतकी भडकले होते की हसू आवरत नव्हतं. इतकी वर्षं या देशात तो शब्द फक्त माझ्या बाजूने निघत होता. आज तो मला समोरून ऐकू येत होता, दोन्ही ट जागच्या जागी, बर्मिंगहॅमच्या कुठल्याशा सोनेरी केसांच्या पोराच्या तोंडून. मी मुलांना जवळ घेतलं आणि सांगितलं की आता कान बंद करा आणि डोळ्यांनी चेंडू बघा, पुढचं मी बघते. सामना आम्ही हरलो, तीन गुणांनी. पुढच्या बुधवारपासून मी सगळ्यांना नव्याने शिकवायला घेतलं आहे, काय ते इथे लिहिणार नाही, तो मराठी वाचायला शिकतो आहे असं ऐकते.

सामना संपल्यावर तो मैदान ओलांडून आला. हेल्मेटने कपाळावर वळ उठलेली त्याची पोरं मागे ओरडत होती. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. वाक्य मनात जुळवून आणलं असावं, कारण ते त्याने एकेक शब्द ठेवत म्हटलं.

"ताई, तुम्ही माझा हट्ट पुरवला."

माझा. दोन्ही ट. एकही चूक नाही. मी क्रेट उचलून काखेत घेतला.

"चल, हट," मी म्हटलं.